साडेपाचातला अर्धा

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बी.एस्सी. कॉम्प्युटर. कोणी विचारलं नाही तरी मी सांगतो. गाव हसनाबाद, नोकरी जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या एका प्लँटमध्ये. काम कॉम्प्युटरचं, म्हणजे पिशव्यांवरची लेबलं छापायची. डिग्रीला शोभेल असं त्यात काही नव्हतं, आणि ते मला सलायचं.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. ऑफिसात इंटरनेट आलं होतं. जगभरातली माणसं मिळून फुकट प्रोग्रॅम लिहितात आणि त्यात कोणीही दुरुस्ती पाठवू शकतं, हे मला तेव्हा कळलं. असाच एक वेळापत्रकाचा प्रोग्रॅम मी उतरवून घेतला. कामाची वेळ टाकून ठेवली की तो आठवण द्यायचा. त्याच्याबरोबर बऱ्याच चाचण्या यायच्या. चाचणी म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड. दुरुस्ती स्वीकारली गेली की पाठवणाऱ्याचं नाव एका यादीत लागायचं. मला त्या यादीत नाव पाहिजे होतं. बस.

माझ्या मशीनवर एकच चाचणी नापास होत होती. दहा वाजताची नोंद ठेवायची, परत मागायची, दहाच आले पाहिजेत. माझ्याकडं साडेनऊ येत होते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आम्ही उत्तर आधी बघायचो आणि रीडिंग मागून जुळवायचो. तीच सवय. चाचणीत 'दहा' होतं तिथं मी 'साडेनऊ' केलं. पास! दिलं पाठवून.

प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या माणसाचं उत्तर आलं: आमच्या सगळ्यांकडं ही चाचणी आता नापास होतेय, तू आहेस तरी कुठं? मी जालना लिहिलं, मग खोडून इंडिया लिहिलं. त्यानं सांगितलं, घड्याळाच्या फरकाचा घोळ असेल, दहाचे दहाच राहू दे, फक्त चाचणीला सांग की आपण लंडनमध्ये आहोत असं समज. एका ओळीचं काम. मी केलं. जालन्यात बसून चाचणी लंडनचं घड्याळ धरायची आणि दहाचे दहा द्यायची. हे बरोबर का झालं ते मला कळलं नव्हतं. पण ओळ स्वीकारली गेली, यादीत नाव लागलं. मी त्याची प्रिंट काढून गावी नेली.

दादांनी, म्हणजे वडिलांनी, कागद उलटासुलटा करून पाहिला.

"हे विंग्रजीत तुझंच नाव हाये?"

"हो."

"पास झाला म्हन की मंग."

"मी न्हाई दादा, चाचणी पास झाली."

"तेच ते." आणि दादा कागद घेऊन चहाच्या हॉटेलाकडं निघून गेले.

मग हौसेनं मी तो प्रोग्रॅम आमच्या वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये बसवला. तिथं एक ताई बियाण्याची उगवण तपासायच्या. ओल्या कागदात बी ठेवायचं, ठरल्या वेळी कोंब मोजायचे. त्यांनी दहाची वेळ टाकली आणि मला हाक मारली.

"भाऊ, मी दहा टाकले, अन् हे साडेनऊ दाखवून राह्यलं."

"ताई, याची चाचणी पास झालेली आहे. मीच केली."

"कुठं पास झाली?"

लंडनला, असं कसं सांगणार? तरी सांगितलं, चाचणीला लंडनचं घड्याळ धरायला लावलंय म्हणून.

ताई हसल्या. "आमच्यात बी उगवलं न्हाई तर मी 'न्हाई' असंच लिहिते. तुमच्यात काय, बी बदलता का?"

मी खाली येऊन पहिल्यांदा प्रोग्रॅमचाच कोड उघडला. आपलं घड्याळ लंडनच्या मूळ वेळेच्या साडेपाच तास पुढं. नोंद ठेवताना प्रोग्रॅम साडेपाच तास वजा करायचा, परत देताना पाचच मिळवायचा. अर्धा तास खाऊन टाकायचा. लंडनला हा अर्धा नाहीच, म्हणून तिथं चूक दिसायची नाही. म्हणजे चाचणी पहिल्यापासून खरं बोलत होती. तिचं तोंड मी बंद केलं होतं, आणि त्याबद्दलच माझं नाव लागलं होतं.

प्रोग्रॅम दुरुस्त करून पाहिला. एकीकडं जुळवलं की दुसरीकडं तीन चाचण्या नापास. ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. माझी ओळ काढा म्हणून लिहावं, तर नावही जाणार. गप्प बसावं, तर ताईंचे साडेनऊ. प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या मोठ्या माणसानंच ती ओळ सांगितली होती, मग चूक माझी कशी, असंही वाटायचं. दोन दिवस माझं लेबलांत लक्ष नव्हतं.

शेवटी लिहिलं: माझी ओळ काढा. चाचणी नापास होऊ द्या. चूक प्रोग्रॅममध्ये आहे.

त्यानं आभार मानले, ओळ काढली. ओळीबरोबर नावही गेलं.

रविवारी गावी गेलो. दादा म्हणाले, "ते तुझं यादीचं काय?"

"चाचणी परत नापास झाली."

"कोणी केली?"

"मीच."

"अन् नाव?"

"काढलं."

दादांनी तो यादीचा कागद माझ्यासमोर ठेवला. "शिकलेला तू. तूच सांग बाबा, हे बराबर झालं का गलत?"

"बरोबर," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. एवढं जोरात का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.