डाव्या कोपऱ्याचा गडी

चढाई करणारा मोठा की पकड करणारा, या एका प्रश्नावरून आमच्या कबड्डी मंडळात जेवढी भांडणं झाली, तेवढी भावाभावांत शेताच्या बांधावरून होत नसतील. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात दोन हिरे होते. एक चढाईवाला, उंच, सडसडीत. तो रेषा ओलांडून निघाला की बायासुद्धा कामं टाकून गच्चीवर यायच्या. दुसरा डाव्या कोपऱ्यावरचा, ठेंगणा, तोंडातून शब्द न काढणारा. कोणाचा घोटा त्याच्या हातात आला आणि सुटला, असं मी कधी पाहिलं नाही. साखळीत त्याच्या शेजारी मी उभा राहायचो, हातात हात घालून. त्यामुळे भांडणात मी कायम कोपऱ्याच्या बाजूचा. टाळ्या चढाईवाल्यानं घ्यायच्या आणि माती आम्ही खायची, याचा मला भारी राग यायचा. अजूनही येतो.

त्या वर्षी विदर्भाच्या संघात आमच्या मंडळातून एकच गडी घेणार होते. संघात गेलेल्याला सरकारी नोकरी लागते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दोघांच्याही घरी कमावणारं कोणी धड नव्हतं. नाव आमचं मंडळ चालवणाऱ्या गुरुजींनी द्यायचं होतं. आता दोन वेगळ्या जागांचे गडी एका तराजूत कसे घालायचे? गुरुजींनी डोकं खाजवलं आणि फर्मान काढलं की खरा खेळाडू कुठंही उभा केला तरी खेळतो. दोघांनीही आपापली जागा सोडून दाखवावी.

रविवारी सकाळी झाडून सगळा मोहल्ला मैदानावर. आधी चढाईवाल्याला कोपऱ्यावर उभं केलं. समोरचा गडी आला की हा नुसता हवेत हात मारायचा. लोक हसले, तोही हसला. मी तर मनातल्या मनात पेढे वाटून मोकळा झालो.

मग गुरुजींनी डाव्या कोपऱ्यावरच्या माझ्या मित्राला उजव्या कोपऱ्यावर जायला सांगितलं. तो म्हणाला, डावीकडेच राहू द्या. गुरुजी ऐकतात कसले. तो गेला, मीही त्याच्या शेजारी गेलो. चढाईला आला तो आमच्यातलाच एक राखीव गडी, ज्याला एरवी कोणी विचारत नसे. तो आमच्या डावीकडून आला, अगदी चालत आला म्हणा ना, माझ्या मित्राच्या खांद्याला हात लावून परत गेला. मित्र तेव्हाही समोरच बघत होता. दुसऱ्या चढाईतही तेच. लोकांना वाटलं, मुद्दाम करतोय. गुरुजी तरातरा आत आले आणि त्याच्या डाव्या कानाजवळ त्यांनी बोटं नाचवली. त्याची पापणी लवली नाही.

"लहानपणी विटी लागली होती," तो म्हणाला. "या डोळ्यानं मले काही दिसत नाही."

डोळा दिसायला अगदी शाबूत. इतकी वर्षं मी या माणसाचा हात धरून खेळलो, एका ताटात तर्री-पोहे खाल्ले, आणि मला पत्ता नाही! डाव्या कोपऱ्याच्या डावीकडे नुसती रेषा असते, येणारा येतो तो उजवीकडून नाहीतर समोरून. तिथं त्याला एक डोळा पुरत होता.

गुरुजींनी संघासाठी चढाईवाल्याचं नाव दिलं आणि त्याला सामान बांधायला सांगितलं. तो मान खाली घालून उभा होता. माझा मित्र नळावर पाय धुवत होता, तिथं मी त्याला गाठलं आणि विचारलं, "काहून नाही सांगितलं बे?"

"सांगितलं असतं तर तुमी लोकायनं मले उभं केलं असतं का?" त्यानं नळ बंद केला. "माह्या कोपऱ्यातून कधी कोणी सुटून गेलं का, सांग."

तो घरी गेला, आणि पुन्हा मैदानावर आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजींनी माझ्या शेजारी, डाव्या कोपऱ्यावर, नवा गडी दिला. त्याचे दोन्ही डोळे धडधाकट होते. पहिलीच चढाई त्याच्या कोपऱ्यावर आली, आणि त्याचा पाय शिवून चढाईला आलेला आरामात परत गेला.