उशीच्या अभ्र्यातली पानं

इस्त्रीकाकांचा सगळा जन्म हॉटेलच्या लाँड्रीत गेला. चादरीवर एक सुरकुती दिसली की त्यांच्या कपाळावर आठ्यांचं जाळं पसरायचं. अशा माणसावर निवृत्तीनंतर फ्रिजमधली पानं सांभाळायची वेळ आली, आणि त्यांनी ती कामगिरी तितक्याच गांभीर्याने अंगावर घेतली.

झालं असं, की काकू मोठ्या दुखण्यातून उठल्या. डॉक्टरांनी रोज जेवणाआधी वाडगाभर हिरवी पानं कच्ची खायला सांगितली. काकांनी उत्साहाने लेट्यूसचे चांगले मोठे गड्डे आणले आणि दुकानदाराच्या पिशवीसकट फ्रिजमध्ये कोंबून मोकळे झाले. चार दिवसांत त्यांचा चिखल झाला. काकूंनी ताट बाजूला सारलं.

"मऊ पडलेलं मी खाणार नाही. मीच मऊ पडलेय, तेवढं बास."

एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. हिने जगण्यातूनच अंग काढून घेतलं, असं काकांच्या मनाने घेतलं. मग मात्र त्यांनी कंबर कसली.

पानांचा खरा वैरी म्हणजे अंगावर राहिलेलं पाणी. ओली चादर घडी करून ठेवली की काय होतं, हे काकांना कोणी शिकवायला नको होतं. पानं सुटी करून धुवायची, उशीच्या अभ्र्यात भरायची, अभ्र्याला गाठ मारायची आणि कपड्यांच्या मशीनच्या ड्रायरमध्ये गरगर फिरवायची. मग कोरड्या सुती फडक्यात सैलसर गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. शेजारी ठेवली की पानं लवकर पिवळी पडतात, म्हणून केळी आणि सफरचंदांना त्या कप्प्यात मज्जाव होता. फडकं दमट झालं की लगेच बदललं जाई.

पानं आठवडाभर करकरीत राहू लागली. काकू ती खाऊ लागल्या. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं.

"औषधच आहे ते. गोड कसं लागेल?" काका म्हणायचे.

एका रविवारी लेक आली. तिने येताजाता एक पान तोंडात टाकलं आणि तशीच बेसिनकडे पळाली.

"बाबा, ह्याला साबणाचा वास येतोय! कशात ठेवता ही पानं?"

काकांनी अभिमानाने अभ्रा पुढे केला. वासाच्या पावडरने धुतलेला, शेवटच्या पाण्यात वर आणखी सुगंधी लिक्विड घातलेला, पांढराशुभ्र. लाँड्रीच्या वाफेपायी त्यांचं नाक केव्हाच निकामी झालं होतं, त्यामुळे त्यांना कसलाच पत्ता नव्हता. लेकीने बापाला चांगलंच फैलावर घेतलं. काका आधी गोरेमोरे झाले आणि मग काकूंवरच घसरले.

"अगं, इतके दिवस साबण खातेयस, आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"मला काय माहीत ही पानं कशी लागतात? आपल्या घरात कधी आली होती?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, अशीच लागत असतील."

"एवढी वाईट लागत होती तर टाकायचीस ना!"

"टाकून कसं चालेल?" काकूंनी डबा आपल्याकडे ओढून घेतला. "मला जगायचंय हो."

काका हातातला अभ्रा नुसता पिळत राहिले. तो कोरडाच होता.