पूजेच्या पेट्रोलने गंजलेली टाकी

वडिलांना काचबिंदू असल्याचे निश्चित झाले, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना औषधाविषयी काहीच विचारले नाही. गाडी चालवता येईल का, एवढेच विचारले. डाव्या बाजूची नजर जवळजवळ गेली होती आणि उजवीकडचीही आक्रसत चालली होती. रस्त्यावर आजपासूनच नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. परतीच्या एसटीने कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडल्यावर वडील म्हणाले, "रस्त्यावर न्हाई म्हनले ना ते? आपल्या पाटाकडंचा शेतरस्ता काय रस्त्यात येतो का?"

कोणती गाडी त्यांच्या मनात आहे, ते मला तेव्हा कळले.

ती आजोबांची. गोल दिवे, पुढे एकसंध बाक आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला बसवलेला. वडील गाडी शिकले ते तिच्यावरच. पुढे घरात नवी वाहने आली आणि ती ट्रॅक्टरच्या शेडमध्ये एका कडेला उभी राहिली ती राहिलीच. नजर आहे तोवर तिला एकदा स्वतःच्या हाताने चालवायचे, एवढीच वडिलांची इच्छा होती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. रोज सकाळी शेडमध्ये जाऊन टायरांना हात लावून यायचे, त्यावरून ती समजत होती.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून, परदेशात पीएच.डी.चा प्रवेश मिळवून, मी त्या दिवसांत व्हिसाची वाट पाहत घरी होते. मला रिकामे बसता येत नाही. गावातल्या मिस्त्रींना बोलावून आम्ही एकेक शक्यता वगळत गेलो. इंजिन फिरत होते, ठिणगी पडत होती, पंपही ओढत होता. पण तो ओढत होता तो तांबडा गाळ. दोष टाकीत होता.

टाकी उतरवून झाकण काढले, तर पेट्रोलचा वास आलाच नाही. जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र दर्प आला. बॅटरीच्या उजेडात तळाशी चिक्कीच्या पाकासारखा तपकिरी, चिवट थर दिसला आणि त्याखाली गंजाचे पापुद्रे. हे मला पटेना. झाकण घट्ट होते, शेडचे छप्पर गळत नव्हते. रिकाम्या, कोरड्या टाकीला इतका गंज चढण्याचे कारण नव्हते.

"उभी केली तेव्हा टाकी रिकामी होती का, दादा?" मी वडिलांना विचारले.

"थेंब ठेवला नव्हता. म्या सोता काढलं हुतं."

आई जवळच शेंगा फोडत बसली होती. "रिकामी कशी म्हंता? दर खंडेनवमीला पेट्रोल कोन टाकतं मग?"

खंडेनवमीला आमच्याकडे ट्रॅक्टर, नांगर, पाण्याची मोटार, सगळ्यांची पूजा होते. तशी या गाडीचीही. चौघे मिळून तिला ढकलत अंगणात आणत, झेंडूची माळ घालत, आणि पूजेआधी वडील तिच्या टाकीत बाटलीभर ताजे पेट्रोल ओतत. रिकाम्या पोटी कुणाला पाटावर बसवायचे नाही, ही आजोबांची शिस्त. पूजा झाली की गाडी पुन्हा आत. पेट्रोल तिथेच राहायचे, पुढच्या वर्षी त्यात नवी भर पडायची.

उरलेले उत्तर माझ्या विषयातले होते. जुने पेट्रोल उडून जाता जाता मागे डिंकासारखा चिवट पदार्थ ठेवते. अलीकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते, आणि तो ओलावा फार झाला की पाणी वेगळे होऊन तळाशी बसते. मी हे सांगत असताना चुलतभाऊ ट्रॅक्टरला टेकून ऐकत होता.

"इथेनॉल म्हंजी आपल्या उसाचंच की," तो म्हणाला. "काका, आपलाच ऊस आपल्या गाडीला बाधला."

वडील हसले नाहीत. "म्हंजी पूजा करकरून आमीच गंजवली."

मी हो म्हणाले. खोटे बोलून समजूत घालणे मला जमत नाही, आणि त्यांनाही ते चालले नसते.

मिस्त्रींचा सल्ला सरळ होता: तेजाब, म्हणजे ॲसिड ओतायचे, दुपारपर्यंत टाकी लख्ख. मी टाकीच्या पट्ट्याचा एक गंजका तुकडा तेजाबात आणि दुसरा मळीच्या पाण्यात ठेवून पाहिला. साखर कारखान्यातून निघणारी ही काळी मळी आमच्याकडे पशुखाद्याच्या दुकानात मिळते. पाण्यात कालवून आंबू दिली की ती लोखंडाला फारसा धक्का न लावता गंज सोडवते. तेजाबातला तुकडा लवकर उजळला, पण त्याच्यावर खड्डे पडले. आमच्या टाकीचा पत्रा आधीच पातळ झालेला, सांधे डाखाने जोडलेले. ती गळू लागली असती, तर तशी दुसरी मिळण्याची आशा नव्हती. मळीला मात्र आठवडे लागणार होते. मी दोन्ही बाजू वडिलांपुढे मांडल्या.

"मळीच घाल," ते म्हणाले. "तेवढ्यात माजे डोळे काय पळून जात्यात?"

दुसऱ्याच दिवशी ते डावीकडच्या गव्हाणीवर आदळले. गुडघा चोळत त्यांनी म्हशीलाच दोष दिला.  त्यानंतर मी कामाचा एकही दिवस वाया जाऊ दिला नाही.

आधी थिनरने डिंक सोडवला. मग टाकीत साबणाचे पाणी आणि नांगराचे जुने नट घालून भोके बंद केली, आणि चुलतभावाने ट्रॅक्टरचे मागचे चाक जॅकवर उचलून टाकी ट्यूबच्या पट्ट्यांनी त्या चाकाला करकचून बांधली. सगळ्यांत हळू गिअरमध्ये चाक फिरू लागले. आतले नट पापुद्रे खरवडत अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा खडखडाट करत राहिले. नट बाहेर काढताना जुन्या स्पीकरचे लोहचुंबक उपयोगी पडले. त्यानंतर टाकी मळीच्या पाण्याने काठोकाठ भरून शेडमागे ठेवली. तिथे मुंगळ्यांची रीघ लागली आणि आंबट वास स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला.

"पोरगी परदेशात शिकायला निघाली," आई शेजारणीला सांगत होती, "आन् जायच्या आदी गाडीला मळी पाजतीया. म्हशीला पाजली असती तर दूध तरी वाढलं असतं."

वडील रोज विचारत, "झालं का?" मी रोज पाणी उपसून आत पाहत असे. तांबड्याखालून हळूहळू राखाडी पत्रा दिसू लागला. शेवटी धुण्याच्या सोड्याचे पाणी फिरवून आंबटपणा मारला, स्पिरिटने खळबळले आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेने लगेच वाळवले. ओला, उघडा पत्रा तासाभरात पुन्हा गंजू लागतो. कोरड्या टाकीत थोडे ऑइल घोळवले, टाकी जोडली आणि पेट्रोल भरले.

निघायचे ठरले ते सकाळी, ऊन नीट वर आल्यावर. इंजिनाने बरेच आढेवेढे घेतले, मग धूर ओकत सुरू झाले. वडील स्टिअरिंगमागे बसले, मी त्यांच्या डाव्या हाताला. आमचा करार असा होता की डावीकडचे सगळे मी सांगायचे.

शेतरस्त्यावर दुतर्फा ऊस होता. गाडी बैलगाडीच्या वेगाने चालली होती, आणि वडिलांची पाठ मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती इतकी ताठ होती.

"डावीकडं?"

"ऊस."

"आता?"

"ऊसच."

"जरा बगून सांग, न्हाईतर म्हनशील ऊस आन् निघंल तुजी आत्या."

एक शेळी निघाली. मी सांगितले, त्यांनी ब्रेक लावला, शेळी सावकाश गेली. ते खूश झाले. पाटाच्या कडेने गाडी पुलापाशी आली. पूल अरुंद, दोन्हीकडे बुटके कठडे. मी सांगायला तोंड उघडले, तोच त्यांनी गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"डावा कठडा हाय का?" त्यांनी विचारले.

"आहे की."

"मला दिसंना. रस्ता पान्यातच उतरल्यागत वाटतोय." त्यांनी थोडा वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. मग दार उघडले. "सरक हिकडं. माजं झालं."

मी स्टिअरिंगमागे गेले आणि ते वळसा घालून माझ्या जागी येऊन बसले. मला नव्या गाड्यांची सवय. खांबावरचा तो दांडा कुठल्या दिशेला ढकलायचा तेच कळेना. गाडी दोनदा बंद पडली. मी दांड्याकडे निरखून पाहू लागले.

"बगू नको त्याच्याकडं," वडील म्हणाले. त्यांनी दांड्यावरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला, दांडा अलगद माझ्याकडे ओढला आणि खाली नेला. आत कुठेतरी दात जुळल्याचा हलका धक्का मला कोपरापर्यंत जाणवला. "ह्यो पैला. ह्याला डोळे लागत न्हाईत. क्लच सोड आता, दमानं."

मी क्लच सोडला. गाडी पुलावर चढली.