शुभांगीने रिक्षा बंद केली

शुभांगी आमच्या गल्लीत कपडे शिवायची. मखमलाबाद रोडला दोन खोल्यांत तिचा संसार. नवरा सुनील सातपूरच्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला, सासू ठमाबाई, चौथीतली पल्लवी आणि पहिलीतला ललित. शुभांगी मशीनवरून उठायची ती स्वयंपाकापुरती. दोन बाळंतपणं आणि आठ वर्षांचं बैठं काम. १९९८ साली तिचं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं.

त्या वर्षी शाळेत तिसऱ्या मजल्यावर पालकसभा होती. दुसऱ्या मजल्यावर शुभांगीला अशी धाप लागली की ती पायरीवरच बसली. जरा बरं वाटलं तोवर सभा संपून बायका खाली यायला लागल्या होत्या. पल्लवीच्या वहीत बाईंनी लाल शाईने लिहून दिलं, ‘पालक गैरहजर.’

“गैरहजर कशी?” ती मला म्हणाली. “दोन मजले चढून गेले होते मी!”

सोमवारी तिने शाळेच्या रिक्षावाल्याला सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नका, पोरांना मी चालत सोडणार.

सुनील भडकला. “लोक म्हणतील, याला पोरांची रिक्षा परवडत नाही.”

“म्हणू देत. तुमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, माझा सगळा दिवस तिच्यामागे फिरतो. पोरांची शाळा तेवढी बदलत नाही. मला रोजचा असा हाच वेळ आहे, तो मी सोडणार नाही.”

ठमाबाईंचा जन्म मळ्यात झेंडू आणि शेवंती खुडण्यात गेलेला. त्या म्हणाल्या, “आमाला नाय लागला कधी व्यायाम.”

“तुम्हाला मळा होता, आत्या. मला मशीन आहे.”

सकाळी सोडायला, संध्याकाळी आणायला, असं मिळून सात किलोमीटर व्हायचं. चपलेने टाच सोलली तेव्हा तिने मेनरोडवरून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि साडीवर घातले. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. खोटं कशाला सांगू, मीही हसले.

महिन्याभराने शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर पल्लवी थांबली. “आई, तू गेटपर्यंत येऊ नको. मुली तुझ्या बुटांना हसतात.”

“हसू देत. तू पुढे एकटी गेलीस तरी मी मागून येणार. आणि बूट घालूनच येणार.”

पल्लवी रडत पुढे गेली आणि दोन दिवस आईशी बोलली नाही. त्या दुपारी मी ब्लाउज आणायला गेले तर शुभांगी मशीनवर बसून डोळे पुसत होती. पाच वाजले तशी उठली आणि बुटाच्या नाड्या बांधायला लागली. “आज राहू दे ना,” मी म्हणाले. “आज राहिलं तर उद्याही राहील,” ती म्हणाली आणि गेली.

मे महिन्यात शाळा बंद. मग ती गच्चीवर फेऱ्या मारायला लागली. गच्चीखाली घरमालक धोंडीराम राहायचे. ते तणतणत वर आले, “अहो, छत हादरतंय!”

“मी बारीक झाले की आवाज कमी होईल, काका. तोवर सोसा.”

दिवाळीत चार किलो वाढले, शिमग्यापर्यंत उतरले, ललितच्या काविळीत सगळंच थांबलं, पुन्हा सुरू झालं. दोन वर्षांनी काटा त्र्याहत्तरवर आला आणि भलतंच निघालं. चांदवडला नात्यातल्या लग्नात एक म्हातारी पंगतीत मोठ्याने म्हणाली, “ठमे, सून किती वाळली गं! जेवाय घालत नाय का?”

ठमाबाईंचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी स्वतः उठून शुभांगीच्या पानात दोन लाडू वाढले. “खा. समद्यांसमोर खा.”

पंगत बघायला लागली. शुभांगीने हात आखडून घेतला. “आत्या मला पोटभर जेवू घालतात,” ती त्या म्हातारीला म्हणाली. “पण लाडू मी खाणार नाही. मला कुणाला काही दाखवायचं नाही.”

ठमाबाईंनी आठ दिवस तोंड फिरवलं. सुनीलही म्हणाला, “एक लाडू खाल्ला असता तर काय बिघडलं असतं?” शुभांगीने शाळेची फेरी मात्र चुकवली नाही.

पुढच्या वर्षी ठमाबाई मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून रोज चालवा, नाहीतर ह्या अंथरुणातच राहतील. ठमाबाई उठायलाच तयार नव्हत्या. शुभांगी दिवसातून तीनदा त्यांना उभं करायची आणि त्यांच्या शिव्या सगळ्या गल्लीला ऐकू जायच्या.

“माझा सूड घेती का गं भवाने?”

“हो, घेतेय. आता दारापर्यंत दहा पावलं.”

दारानंतर ओटा, ओट्यानंतर गल्लीचं टोक. चार महिने गेले. त्या दिवसांत शुभांगीचं स्वतःचं चालणं निम्म्यावर आलं, वजन पाच किलोंनी वाढलं. तिला त्याची फार खंत वाटली नाही. “एकदा उतरवलंय, परत उतरवीन,” एवढंच म्हणाली. ठमाबाई मात्र पाचव्या महिन्यात काठी टेकत एकट्या मारुतीच्या देवळात जाऊन आल्या.

पुढे मुलं सायकलने जायला लागली, तरी शुभांगीची वेळ तीच राहिली. सोबतीला गल्लीतल्या तिघी जायला लागल्या. त्यातली एक मी. मी पाचव्या महिन्यात सोडलं.

ती काही सडपातळ झाली नाही. २००७ साली अडुसष्ट किलो होती. ताप आला म्हणून नव्या दवाखान्यात गेली, मी सोबत होते. तरुण डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं आणि न विचारताच सांगितलं, “बाई, जरा चालत जा रोज.”

शुभांगी तापाने फणफणलेली, तरी खुर्चीत सरळ झाली.

“नऊ वर्षं चालतेय, डॉक्टर. माझ्या कागदावर ते लिहा आधी. मग तापाचं औषध द्या.”

त्यांनी लिहिलं. ती टेबलावर वाकून नीट वाचेपर्यंत उठली नाही.