तेल अवीवला निघताना सासूबाईंना लावलेला फोन

मैत्रिणींनो, फ्रँकफर्ट विमानतळावरून लिहितेय. 

मी तेल अवीवला निघालेय, एकटी. चेक-इनच्या आधी इस्रायली विमान कंपनीच्या सुरक्षा तपासणीतली मुलगी पासपोर्टमधल्या जॉर्डनच्या शिक्क्यावर थांबली. अम्मानमध्ये कुणाकडे राहिलात? तिथून कुणी काही दिलंय? लग्न झालंय, मग एकट्या का? फिरून फिरून तेच. शेवटी ती तिच्या साहेबाला घेऊन आली. काउंटर बंद व्हायची वेळ होत आली होती.

"घरी कुणाला माहीत आहे? फोन लावा," साहेब म्हणाला.

नवरा इथून जवळच, र्युसेल्सहाइमला कारखान्यात, फोन बंद. घरी फक्त पुण्याहून आलेल्या सासूबाई. आणि याच प्रवासावरून त्या सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हत्या.

तरी लावला. "अहो आई, हे काही विचारतायत, सांगाल का?"

साहेबानं स्पीकरवर इंग्रजीत विचारलं, "तुमची सून एकटी का चाललीय?"

 मी फोन त्याच्यापुढे धरला.

"तिला बघायचंय म्हणून," आई मोडक्या इंग्रजीत, पण ठणकावून म्हणाल्या. "जॉर्डनलाही एकटीच गेली होती. नीट परत आली. तुम्ही काळजी करू नका, ती करायला मी आहे."

साहेब हसला नाही. पासपोर्ट मात्र परत दिला.

मग आई मराठीत म्हणाल्या, "मला हे अजूनही पटलेलं नाही. पोचलीस की फोन कर."

तिथेच रडू फुटलं मला.

तुमच्या घरी आहे का असं कुणी, ज्यांना तुमचं पटत नाही, तरी परक्यापुढे तुमचीच बाजू घेतात?