रुख्माबाईंची टोपली आणि माझा भोंगा

कटंगीच्या आठवडी बाजारातून प्रेमलालला मी पळवून लावलं. मुद्दाम नव्हे. मी फक्त त्याचं नाव पुकारलं, तेही स्वच्छ उच्चारात, भोंग्यावरून.

"कृपया ध्यान दें. प्रेमलाल जी जहाँ कहीं भी हों, उनकी महीने की दवाई मनसोबत के टेबल पर आ चुकी है."

टोमॅटोच्या ढिगाशी वाकलेला प्रेमलाल ताठ झाला. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं आणि पिशवी तिथंच टाकून तो बसस्टँडकडे सुटला. मी पुन्हा पुकारलं. त्यानं वेग वाढवला. मी अठ्ठावीस वर्षं बालाघाट स्टेशनावर गाड्या पुकारल्या आहेत. पुकारा ऐकून माणसं धावत येतात, एवढंच मला ठाऊक होतं. उलट्या दिशेनं धावणारा हा पहिलाच.

मी तिथं भोंगा घेऊन काय करत होतो, हे सांगायचं तर रुख्माबाईंबद्दल सांगावं लागेल, आणि ते मला अजून जड जातं.

रुख्माबाई बालाघाटच्या बसस्टँडवर मुरमुरे विकतात. सोळा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान खेमराज जेवेनासे झाले, रात्रंदिवस भिंतीशी बोलू लागले. बाईंनी आधी दोन भगत केले, मग नागपूरचं इस्पितळ केलं, तिथल्या व्हरांड्यात महिनाभर चूल मांडली. खेमराज आता सायकली दुरुस्त करतात. मग झालं असं की नागपूरच्या बसला आपलं असंच कुणी माणूस घेऊन निघालेली मंडळी बाईंच्या टोपलीपाशी थांबू लागली. कोणत्या खिडकीवर चिठ्ठी काढायची, गोळ्यांनी झोप येते तर शेतात कधी जायचं, सासरी काय सांगायचं. बाई मुरमुरे मोजता मोजता सांगत.

इकडे आमची 'मनसोबत' ही संस्था. मनाच्या आजाराला लाजू नये, लपवू नये, उपचार हा हक्क आहे, हे लोकांना पटवून देणारी. अकरा वर्षं मी तिचा सचिव. घटना मी लिहिली, लेटरहेड मी छापलं, लाकडी कपाटसुद्धा मीच निवडलं. जुने अध्यक्ष मुलाकडे रायपूरला गेले तेव्हा पुढचा अध्यक्ष कोण, हा प्रश्न मला तरी पडला नव्हता. सभासदांना पडला. एक्केचाळीस मतांपैकी रुख्माबाईंना तेहतीस, मला सात, एक बाद. बाद झालेलं मत आपलं होतं, असं माझी बायको शांताबाई सांगते. मी चौकशी केलेली नाही.

पदभाराच्या दिवशी शिक्का आणि कपाटाची किल्ली मी माझ्या हातानं त्यांना दिली. झेंडूच्या हारांत बाई कानापर्यंत बुडाल्या होत्या. मी हार मोजले नाहीत. अकरा होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात माझं कोपर आहे. ते माझंच आहे, हे मी चार जणांना पटवून दिलं. मी नऊ मिनिटं त्यांचा परिचय करून दिला होता. त्या उठून एवढंच म्हणाल्या, "मले भाषन येत नाही. कोनाले काही सांगाचं असन तं बसस्टँडवर या." यावर जी टाळी पडली ती थांबायला मी जितका वेळ थांबलो, तितका वेळ मी मालगाडीसाठीसुद्धा कधी थांबलो नाही.

अध्यक्षबाईंचा पहिला हुकूम निघाला. बाजारात टेबल नाही, फलक नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. फक्त मुरमुऱ्यांची टोपली. ज्याला बोलायचं तो गिऱ्हाईक म्हणून येऊन बसेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जिल्हा रुग्णालयातून आणलेली औषधं पुडीत तळाला घालायची, वरून मुरमुरे.

"लोकायले दिसते, पोरायसाठी खाऊ नेऊन राह्यला," बाई म्हणाल्या.

"संस्थेची काही शान आहे का नाही?" मी म्हणालो.

"शान घ्याले कोनी येत नाही, भाऊ. गोळ्या घ्याले येतात."

त्या बाजाराच्या दिवशी बाईंना बालाघाटला सरकारी बैठकीचं बोलावणं आलं. पूर्वी ते मला येत असे. टोपली माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "फक्त बसून राहा. काही करू नका." हे 'काही करू नका' मला फार लागलं. कटंगीला उतरल्याबरोबर मी टेबल मिळवलं, भोंगा भाड्यानं घेतला आणि टोपली टेबलाखाली सरकवली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बाईंना मी सांगितलं, प्रेमलाल काही आला नाही.

तीन आठवड्यांनी प्रेमलालची बायको मैनाबाई बसस्टँडवर आली. मी बाकावर पेपर वाचत होतो. म्हणजे बाईंकडे किती माणसं येतात ते बघत होतो.

"बाई, गोळ्या फेकून देल्ल्या त्यानं," मैनाबाई म्हणाली. "म्हणते, दोन वर्सं खाल्ल्या, काय फायदा?"

खरं सांगतो, मला गार वाटलं. नव्या अध्यक्षांच्या राज्यात पहिला पेशंट गळाला. तेहतीस जणांना आता कळेल, असं मनात येतंय तोवर मैनाबाई पुढं म्हणाली, "भोंगा पुन्हा माहं नाव घेऊन राह्यला म्हणते."

माझ्या हातातला पेपर आपोआप वर आला.

प्रेमलालचा मूळ आजारच तो होता. देवळाचा भोंगा असो की भाजीच्या गाडीचा, त्याला त्यात आपलं नाव ऐकू यायचं. कानांत कापूस कोंबून तो घरात बसायचा. गोळ्यांनी ते आवाज थांबले, तो बाजाराला जाऊ लागला.

"बाजूच्याले इचारलं त्यानं, माहं नाव घेतलं का कोनी? तो म्हने, नाही बा."

तो तरी काय करणार? कटंगीच्या बाजारात उंदराच्या औषधाचा भोंगा, चादरींचा भोंगा, दंतमंजनाचा भोंगा एकाच वेळी ओरडत असतात. कुणीच काही ऐकत नाही. ज्याचं नाव असतं त्यालाच ते ऐकू जातं.

रुख्माबाईंनी माप खाली ठेवलं आणि माझ्या पेपराकडे पाहिलं.

"भोंगा माहा नव्हता," मी पेपराआडून म्हणालो. "भाड्याचा होता."

"आन् आवाज?"

"आवाज माहा."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. टोपलीवर फडकं टाकत त्या म्हणाल्या, "चला त्याच्या घरी. तुमालेच सांगा लागन. मी सांगतलं तं त्याले वाटन, समजूत काढून राह्यली."

बसमध्ये कंडक्टरनं उठून बाईंना जागा दिली. मी कटंगीपर्यंत दांड्याला लोंबकळलो.

प्रेमलाल आतल्या खोलीत खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली, कानांत कापूस. बाईंनी खुणेनं एका कानातला काढायला लावला. मी सगळं सांगितलं. स्टेशन, टेबल, भोंगा. त्यानं मान हलवली.

"मले बरं वाटावं म्हनून सांगून राह्यले तुमी."

बाई त्याच्याजवळ खाली बसल्या. "प्रेमलाल, हा मानूस आंगनातून तसंच पुकारन. ऐकतं का? नाही म्हनलं तं नाही."

त्यानं पाय खाटेखाली सोडले आणि तो म्हणाला, "हौ."

मी अंगणात गेलो. समोर दोन बकऱ्या आणि कुंपणापलीकडे जमलेल्या बाया. मी घसा साफ केला. "कृपया ध्यान दें. प्रेमलाल जी जहाँ कहीं भी हों..." माझ्या आयुष्यातली ही सर्वांत लाजिरवाणी घोषणा, आणि उच्चार एकदम स्वच्छ.

प्रेमलाल दारात आला. दुसऱ्या कानातला कापूस त्यानं स्वतः काढला.

"हाच," तो म्हणाला. "हाच आवाज. म्हंजे तो खरा होता?"

"खरा होता," बाई म्हणाल्या. "तुह्या डोक्यातला नाही, याच्या तोंडातला."

प्रेमलालनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमाले घरी काही काम नसते का?"

मैनाबाईनं उकिरड्यावरून वेचून ठेवलेल्या गोळ्या तांदळाच्या डब्यातून काढल्या. बाईंनी तिचा हात धरला. "तीन हप्त्यांचा खाडा झाला. आपल्या मनानं सुरू नको करू. उद्या सकाळच्या बसनं बालाघाटले या, डाक्टरले दाखवू." प्रेमलालनं मान डोलावली आणि दाढीचं सामान कुठं आहे ते विचारलं.

परतीच्या बसमध्ये मला जागा मिळाली, बाईंच्या शेजारची. माझी छाती फुगली होती. तेहतीस मतं त्यांना, पण आज त्यांच्या शब्दानं जे झालं नसतं ते माझ्या आवाजानं झालं. वैनगंगेचा पूल येईपर्यंत मी कळ काढली, मग राहवेना.

"बाई, एक गोष्ट तुमाले मान्य करा लागन," मी म्हणालो. "प्रेमलाल घराबाहेर आला तो माह्या आवाजानं."

रुख्माबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हौ भाऊ, पळाला बी त्याच्यानंच होता."