दिल्लीला बदललेल्या बॅगा

दिल्लीच्या विमानतळाबाहेर बाबांनी माझी मळकी सॅक स्वतःच्या पाठीला लावली आणि घरून आणलेली मोठी सूटकेस माझ्याकडं सरकवली. मी आणि शबाना त्याच सकाळी स्पितीच्या डोंगरातून दिल्लीला पोचलो होतो. शबाना माझी शाळेपासूनची मैत्रीण. आई-बाबा आणि मी रहाटणीत राहायचो आणि तिच्या अब्बांचं शेजारच्या काळेवाडीत गॅरेज होतं. आता ती बाबांबरोबर रेल्वेनं परतणार होती आणि मी जर्मनीला निघाले होते.

चाकणची नोकरी सोडून मी शबानाबरोबर भटकायला निघाले, तेव्हा जर्मनीतली नवी नोकरी चांगली महिनाभर लांब होती. उद्याचा मुक्काम बसस्टँडवर ठरवायचा, भूक लागली की मॅगी खायची, नदीकाठी लोळत पडायचं. इतकी बेफिकीर मी आधी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही. मग जर्मन कंपनीनं रुजू व्हायची तारीख अलीकडं घेतली. त्यात दरड कोसळून रस्ता अडला. घरी जाऊन यायला वेळच उरला नाही, म्हणून बाबा पासपोर्ट आणि सामान घेऊन आले. आईला एवढा प्रवास झेपत नव्हता. फोनवर म्हणाली, "घर कुठं पळून चाललंय का? दिवाळीला ये की."

बाबा चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅचमध्ये होते. परदेशी जाणारे पार्ट पॅक करण्यात त्यांची उभी हयात गेली. माझी सूटकेसही त्यांनी तशीच बांधली होती. लाडवांचे डबे फोममध्ये, तवा गंज न धरणाऱ्या पिवळ्या कागदात, आणि वरून मशीननं आवळलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या. "पार जर्मनीपर्यंत माल हलायचा नाही बघ," ते शबानाला कौतुकानं सांगत होते.

माल हलला नाही, पण वजन जास्त भरलं. चेक-इनला बॅग उघडा म्हणाले, तर पट्ट्या काही सुटेनात. शेवटी काउंटरवरच्या माणसानं त्या कापल्या. काचेपलीकडून बाबा बघत होते. मला निरोपाचा हात करायचं सोडून ते तुटलेल्या पट्ट्यांकडंच पाहत राहिले. मला रडू आवरेना.

त्या दिवाळीला रजा मिळाली नाही, पुढच्याही नाही. दरम्यान बाबा निवृत्त झाले. टॉवर बांधायचा म्हणून मालकानं रहाटणीतल्या खोल्या रिकाम्या करायला लावल्या आणि आई-बाबा उदगीरजवळच्या आमच्या गावी गेले. ज्या घराचा निरोप घ्यायचा राहिला होता, ते पाडल्याचं मला शबानानं फोनवर सांगितलं.

इथं जर्मनीत संध्याकाळी काम संपलं की सगळे एकमेकांना 'फायराबेंड', म्हणजे आता मोकळे, असं म्हणतात आणि घरी जातात. मीही म्हणते, आणि भाड्याच्या फ्लॅटवर जाते. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको.

तिसऱ्या वर्षी रजा मिळाली, तशी गावी गेले. पूर्वी सुट्टीत आठ दिवस यायचो तेवढीच त्या घराशी ओळख. आईनं ट्रंकेतून कोरी चादर काढली, कूलर माझ्याकडं वळवला आणि दारात उभं राहून विचारलं, "इथं झोप लागंल का गं तुला?"

मी हो म्हणाले. रहाटणीच्या एका खोलीत आम्ही तिघं ओळीनं झोपायचो. तिथं ती माझे पाय ढकलून नुसतं "सरक तिकडं" म्हणायची. घर म्हटलं की मला आता तेवढंच आठवतं, आणि तसं सरकायला मला कुणी सांगत नाही.